विद्यापीठीय संशोधन व एकस्वाधिकार

विद्यापीठातील अध्यापक, संशोधक व विद्यार्थी यांनी लावलेल्या शोधांवरील एकस्वाची, म्हणजे पेटंटची, मालकी कोणाकडे असावी, हा एकस्वविषयक विधीतील एक दीर्घकाळ वादग्रस्त राहिलेला प्रश्न आहे. नव्या शोधाची संपूर्ण माहिती उघड करण्याच्या मोबदल्यात, इतरांना त्या शोधाचा व्यापारी वापर करण्यापासून ठराविक मुदतीपर्यंत रोखण्याचा जो अधिकार शासन देते, त्यास एकस्व म्हणतात. ही मुदत आता बहुतेक देशांत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची असते [⟶ एकस्व].

खाजगी कारखान्याच्या प्रयोगशाळेत हा प्रश्न सहसा उद्‌भवत नाही. तेथील शास्त्रज्ञ शोध लावण्यासाठीच नेमलेला असतो, उपकरणे व भांडवल मालकाचे असते आणि नोकरीच्या करारात तशी स्पष्ट अटही असते. विद्यापीठाची गोष्ट निराळी आहे. अध्यापकास वेतन मिळते ते अध्यापनाबद्दल व ज्ञानवृद्धीबद्दल. संशोधनाचा विषय निवडण्याचे आणि निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचे त्याचे स्वातंत्र्य हा त्याच्या पदाचाच भाग मानला जातो. प्रयोगशाळा करदात्यांच्या पैशातून उभी राहिलेली असते, विशिष्ट प्रकल्पास शासकीय खाते किंवा एखादी कंपनी अनुदान देते आणि प्रत्यक्ष प्रयोगांचे पुष्कळसे काम वेतन न घेणारे विद्यार्थी करतात. त्यामुळे एकाच शोधावर शोधक, विद्यापीठ, शासन व पुरस्कर्ती कंपनी असे अनेकजण हक्क सांगू शकतात. ज्या रुग्णाला वा शेतकऱ्याला त्या शोधाची गरज आहे, तो या यादीत सहसा नसतो. मालकीच्या प्रश्नाचे खरे महत्त्व मात्र त्याच्याच दृष्टीने अधिक आहे, असे या विषयाचा इतिहास पाहता दिसते.

शोधक व मालक या दोन संज्ञांतील भेद येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. शोधक कोण, ही वस्तुस्थिती असते व ती कराराने बदलता येत नाही. एकस्वावर शोधक म्हणून नाव त्याचेच लागते. मालकी ही मात्र हस्तांतरित करता येणारी संपत्ती आहे. बहुतेक विधिपद्धतींत मूळ हक्क शोधकाचा मानून तो नोकरीच्या नात्याने, कराराने अथवा अधिनियमाने दुसऱ्याकडे कसा जातो, हे ठरविलेले असते. ब्रिटनच्या १९७७ च्या एकस्व अधिनियमाने नोकरीच्या सामान्य कर्तव्यांतून निघालेला शोध नियोक्त्याचा ठरविला आहे. अध्यापकाच्या सामान्य कर्तव्यांत शोध लावणे येते काय, हा प्रश्न त्यामुळे संपला नाही.

पूर्वेतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बहुतेक विद्यापीठीय शास्त्रज्ञ एकस्व घेणे हे ज्ञानाच्या व्यवसायास कमीपणा आणणारे मानीत. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील प्राध्यापक जगदीशचंद्र बोस यांनी विद्युत्‌चुंबकीय तरंगांच्या शोधकयंत्रावर नफा मिळविण्याचे नाकारले होते. सारा बुल या स्नेही महिलेच्या आग्रहामुळे १९०१ मध्ये अमेरिकेत अर्ज करण्यात आला व १९०४ मध्ये एकस्व मिळाले. परंतु बोस यांनी त्याचा आर्थिक लाभ उठविला नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातील फ्रेडरिक कॉट्रेल यांनी वेगळा मार्ग काढला. धुरातील कण विद्युत्‌भाराने वेगळे करणाऱ्या आपल्या यंत्रावरील एकस्वे त्यांनी स्वतःकडे किंवा विद्यापीठाकडे न ठेवता १९१२ मध्ये स्थापन झालेल्या ‘रिसर्च कॉर्पोरेशन’ या संस्थेस दिली. तिचे उत्पन्न इतरांच्या संशोधनास अनुदान म्हणून वाटण्यात येई.

इन्शुलिनचे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. टोराँटो विद्यापीठात हे द्रव्य वेगळे करण्यात आल्यानंतर फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट व जेम्स कॉलिप यांनी जानेवारी १९२३ मध्ये आपले एकस्वाधिकार प्रत्येकी एक डॉलर घेऊन विद्यापीठाच्या स्वाधीन केले. वैद्यकाची शपथ घेतलेल्या बँटिंग यांना आपले नाव एकस्वावर येणे प्रथम मान्य नव्हते. तरीही एकस्व घेण्यात आले, कारण ते न घेतल्यास दुसऱ्या कोणी ते घेऊन सर्वांची वाट अडविण्याची भीती होती. विद्यापीठाने त्याचा उपयोग उत्पादनाची शुद्धता व ताकद तपासण्यासाठी आणि अनेक उत्पादकांना परवाने देण्यासाठी केला. अमेरिकेतील एलाय लिली कंपनीस आरंभी दिलेली सवलत अल्पमुदतीची होती. डेन्मार्कमध्ये उत्पादनाची परवानगी कोपनहेगन विद्यापीठाचे प्राध्यापक ऑगस्ट क्रोग यांना मिळाली व तेथील इन्शुलिन-उद्योगाची ती सुरुवात ठरली. येथे मालक विद्यापीठ होते. पण एकस्व हे उत्पन्नाचे साधन नसून पहारेकऱ्याचे काम करीत होते.

याच सुमारास अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात घडलेला प्रकार याच्या उलट बाजू दाखवितो. हॅरी स्टीनबॉक यांनी १९२४ मध्ये असे दाखविले की, अन्नपदार्थांवर जंबुपार किरण पाडल्यास त्यांत मुडदूस रोखणारे ड जीवनसत्त्व निर्माण होते. त्याच विद्यापीठातील स्टीफन बॅबकॉक यांनी दुधातील स्निग्धांश मोजण्याच्या कसोटीवर १८९० मध्ये एकस्व घेतले नव्हते आणि निकृष्ट उपकरणे बाजारात येऊन त्या कसोटीची अपकीर्ती झाली होती. हे उदाहरण स्टीनबॉक यांच्यासमोर होते. विद्यापीठाने एकस्वाची जबाबदारी घेण्यास अनुत्सुकता दाखविल्यामुळे माजी विद्यार्थ्यांनी १९२५ मध्ये एक स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन केले व एकस्व त्याच्याकडे सोपविण्यात आले. प्रतिष्ठानास मोठे उत्पन्न मिळाले व ते विद्यापीठाच्या संशोधनास लागले. तथापि विस्कॉन्सिन हे दुग्धव्यवसायाचे राज्य असल्याने लोण्याचा प्रतिस्पर्धी असलेल्या मार्गारिनच्या उत्पादकांना परवाना नाकारण्यात आला. मार्गारिन हे गरिबांचे लोणी होते आणि मुडदूस हा प्राधान्याने गरिबांच्या मुलांना होणारा रोग होता. पुढे एका खटल्यात न्यायालयाने या धोरणावर बोट ठेवले. १९४५ मध्ये एकस्वे अवैध ठरली. शोधक निःस्वार्थी, विद्यापीठ सार्वजनिक आणि उत्पन्नाचा विनियोग उत्तम असूनही परवान्याच्या अटी लोकहिताच्या विरुद्ध जाऊ शकतात, हे यावरून स्पष्ट झाले.

ब्रिटनमध्ये चूक दुसऱ्या दिशेने झाली, अशी तेथे समजूत आहे. ऑक्सफर्ड येथे पेनिसिलिनवर काम करणाऱ्या अर्न्स्ट चेन यांचा एकस्व घेण्याचा आग्रह नैतिक कारणास्तव अमान्य झाला आणि उत्पादनपद्धतीवरील एकस्वे नंतर अमेरिकेच्या कृषिखात्यातील अँड्र्यू मॉयर यांच्या नावे निघाली. या अनुभवाची परिणती १९४८ च्या अधिनियमान्वये राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ स्थापन होण्यात झाली. सार्वजनिक निधीतून निघालेल्या शोधांवर या महामंडळास प्रथम हक्क होता. एवढी व्यवस्था असूनही केंब्रिज येथील वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळेत गेऑर्ग कोलर व सेझार मिलस्टाइन यांनी शोधलेल्या एककृंतक प्रतिपिंडांच्या पद्धतीवर १९७५ मध्ये एकस्व घेतले गेले नाही. महामंडळाची ही मक्तेदारी १९८५ मध्ये संपुष्टात आली.

शासकीय मालकी व १९८० चा अमेरिकी अधिनियम : दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत विद्यापीठीय संशोधनाचा मोठा भार केंद्रशासनाने उचलला. जनतेच्या पैशातून निघालेला शोध जनतेचा, या न्यायाने अनेक खाती एकस्वे स्वतःकडे ठेवीत व कोणासही विनाअनन्य परवाना देत. यावर आक्षेप असा होता की, जे सर्वांना मिळते त्यावर भांडवल गुंतविण्यास कोणीच पुढे येत नाही. शासनाजवळच्या सुमारे २८,००० एकस्वांपैकी ५ टक्क्यांहूनही कमी एकस्वांचे परवाने दिले गेले, ही आकडेवारी त्या वादात सतत पुढे करण्यात आली. ती काहीशी दिशाभूल करणारी होती. कारण यांतील पुष्कळशी एकस्वे संरक्षणखात्याच्या कंत्राटांतील होती आणि कंत्राटदार कंपन्यांनी मालकीची संधी असूनही ती घेतलेली नव्हती.

सेनेटर बर्च बाय व रॉबर्ट डोल यांनी मांडलेल्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १२ डिसेंबर १९८० रोजी स्वाक्षरी केली. बाय-डोल अधिनियम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कायद्याने केंद्रीय अनुदानातून निघालेल्या शोधांची मालकी स्वतःकडे ठेवण्याची मुभा विद्यापीठे, ना-नफा संस्था व लहान उद्योग यांना दिली. शोध शासनास कळविणे, शोधकास स्वामित्वशुल्कात वाटा देणे, देशांतर्गत उत्पादनास प्राधान्य देणे ही बंधने त्यांच्यावर आहेत. शासनास स्वतःच्या वापरासाठी विनामूल्य परवाना मिळतो. यांशिवाय, मालक शोध वापरात आणीत नसेल किंवा आरोग्याची वा सुरक्षिततेची गरज भागत नसेल, तर शासनास हस्तक्षेप करून दुसऱ्यास परवाना देववता येतो. शोधकाचा वाटा किती, हे अधिनियम सांगत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात १५ टक्के प्रशासनखर्च वजा करून उरलेली रक्कम शोधक, त्याचा विभाग व त्याची विद्याशाखा यांत समान वाटली जाते; इतरत्रही शोधकास एक-तृतीयांशाच्या आसपास वाटा देण्याचा प्रघात आहे.

या अधिनियमाच्या यशाचे उदाहरण म्हणून पुनःसंयोजित डीएनए तंत्रावरील स्टॅनली कोहेन व हर्बर्ट बॉयर यांच्या एकस्वांचा उल्लेख नेहमी केला जातो. स्टॅनफर्डने त्यासाठी १९७४ मध्ये अर्ज केला. एकस्वांची मुदत १९९७ मध्ये संपेपर्यंत ४६८ परवानाधारकांकडून सुमारे २५.५ कोटी डॉलर उत्पन्न मिळाले. परंतु हा अर्ज अधिनियमापूर्वी सहा वर्षे केलेला होता आणि मालकी अनुदान देणाऱ्या संस्थांबरोबरच्या जुन्या करारांन्वये विद्यापीठाकडे राहिली होती. परवानेही अनन्य नव्हते; माफक शुल्क भरणाऱ्या कोणालाही ते मिळत. जैव तंत्रविद्येचा सारा उद्योग या तंत्रावर उभा राहू शकला, त्याचे श्रेय मालकाच्या ओळखीइतकेच, किंबहुना अधिक, परवान्याच्या या पद्धतीस द्यावे लागेल.

अध्यापकाचा विशेषाधिकार : यूरोपातील अनेक देशांत याच्या उलट तत्त्व रूढ होते. स्वीडनच्या १९४९ च्या व पश्चिम जर्मनीच्या १९५७ च्या नोकरशोधविषयक अधिनियमांनी विद्यापीठातील अध्यापकांचे शोध त्यांच्या स्वतःच्या मालकीचे मानले. विद्येचे स्वातंत्र्य हे त्यामागील तत्त्व होते. व्यवहारात मात्र प्राध्यापक आपला शोध परिचयाच्या कंपनीकडे सल्लागाराच्या मानधनाच्या बदल्यात सोपवीत आणि विद्यापीठाच्या हाती काही पडत नसे. अमेरिकेचा कित्ता गिरवीत डेन्मार्कने २००० मध्ये, जर्मनी व ऑस्ट्रियाने २००२ मध्ये, नॉर्वेने २००३ मध्ये आणि फिनलंडने २००७ मध्ये हा विशेषाधिकार रद्द केला. इटलीने तो २००१ मध्ये नव्याने आणला व २०२३ मध्ये काढून टाकला. स्वीडनने तो कायम ठेवला आहे. जर्मनीतील दुरुस्ती विचारपूर्वक केलेली दिसते : शोधावर विद्यापीठ हक्क सांगू शकते, परंतु उत्पन्नाचे ३० टक्के शोधकास द्यावे लागतात आणि आपला शोध प्रसिद्धच न करण्याचे अध्यापकाचे स्वातंत्र्यही अबाधित राहते.

मालकी विद्यापीठाकडे गेल्याने शोधांचा वापर वाढतोच, असे म्हणता येत नाही. हान्स ह्विडे व बेंजामिन जोन्स यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार नॉर्वेतील बदलानंतर विद्यापीठीय संशोधकांनी सुरू केलेले उद्योग व त्यांची एकस्वे ही दोन्ही सुमारे ५० टक्क्यांनी घटली. शोधाला बाजारापर्यंत नेण्यास लागणारे गुप्त ज्ञान व जिद्द शोधकाजवळच असते. त्याचा वाटा घटला की उत्साहही घटतो, असा त्याचा अर्थ लावला जातो.

ऑस्ट्रेलियात हा प्रश्न न्यायालयातून सुटला. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातील शल्यतंत्राचे प्राध्यापक ब्रूस ग्रे यांनी यकृताच्या कर्करोगावर वापरावयाचे सूक्ष्मगोल विकसित केले व ते एका कंपनीकडे सोपविले. विद्यापीठाने हक्क सांगितला असता, संशोधन करणे हे प्राध्यापकाचे कर्तव्य असले, तरी शोध लावणे हे नव्हे, असा निर्णय फेडरल न्यायालयाने २००८ मध्ये दिला व तो २००९ मध्ये अपिलातही कायम झाला. प्राध्यापकास आपले निष्कर्ष प्रसिद्ध करून शोधाचे नावीन्य नष्ट करण्याचेही स्वातंत्र्य होते, ही गोष्ट त्यात निर्णायक ठरली.

करारातील एखाद्या शब्दावरही पुष्कळ काही अवलंबून असते. एड्‌सच्या विषाणूचे रक्तातील प्रमाण मोजण्याच्या पद्धतीविषयी स्टॅनफर्ड व रोश कंपनी यांच्यात झालेला वाद याचे प्रसिद्ध उदाहरण होय. संशोधकाने विद्यापीठाशी केलेल्या करारात हक्क ‘देण्याचे मान्य’ केले होते. नंतर सिटस या कंपनीच्या प्रयोगशाळेत काम शिकण्यास गेला असता तेथील कागदावर तो हक्क ‘याद्वारे देत आहे’ असे त्याने लिहून दिले. रोशने पुढे सिटसचा तो व्यवसाय घेतला होता. बाय-डोल अधिनियम शोधकाचा मूळ हक्क आपोआप विद्यापीठास देत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला. त्यानंतर अनेक विद्यापीठांनी आपल्या करारांतील क्रियापद बदलून घेतले. याउलट, रासायनिक पृथक्करणात उपयोगी पडणाऱ्या विद्युत्‌फवारा पद्धतीचे जनक जॉन फेन यांनी येल विद्यापीठाचा नियम डावलून एकस्व स्वतःच्या नावे घेतले. २००२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि २००५ मध्ये न्यायालयाने त्यांना एकस्व विद्यापीठास देण्याचा व १० लाख डॉलरांहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला.

मालकी व लोकहित : वरील सर्व वाद मालकांमधील आहेत. तिसऱ्या पक्षाचा, म्हणजे समाजाचा, प्रश्न येल विद्यापीठातच ठळकपणे पुढे आला. स्टॅव्ह्युडीन या द्रव्याचा एड्‌सविरोधी गुण १९८० नंतरच्या दशकात तेथे विल्यम प्रूसॉफ व त्यांचे सहकारी यांना आढळला. एकस्व येलचे होते व अनन्य परवाना ब्रिस्टल-मायर्स स्क्विब कंपनीकडे होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने, ज्यात स्टॅव्ह्युडीनचा समावेश होता असा तीन औषधांचा संच, ‘सीमाविरहित डॉक्टर’ या संघटनेस दर रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरांना देऊ केला; तोपर्यंत अशा उपचारास श्रीमंत देशांत १०,००० डॉलरांहून अधिक खर्च येत असे. दक्षिण आफ्रिकेत हे औषध आणू द्यावे, अशी विनंती संघटनेने येलला केली असता, अनन्य परवान्यामुळे आपले हात बांधलेले आहेत, असे उत्तर मिळाले. विद्यार्थ्यांनी चळवळ केली, प्रूसॉफ यांनी तिला जाहीर पाठिंबा दिला आणि मार्च २००१ मध्ये कंपनीने तेथील एकस्वाची अंमलबजावणी न करण्याचे घोषित केले. मालकी विद्यापीठाकडे असूनही शब्द कंपनीचाच चालत होता. हा अनुभव लक्षात घेऊन काही विद्यापीठे गरीब देशांसाठीचा हक्क परवाना देतानाच राखून ठेवू लागली.

बाय-डोल अधिनियमातील हस्तक्षेपाचा अधिकार अशा प्रसंगांसाठीच आहे, असे अनेकांचे मत आहे. तथापि २०२४ अखेरपर्यंत तो एकदाही वापरला गेला नव्हता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस अँजेल्स येथील प्रयोगशाळेत निघालेल्या एन्झालुटामाइड या कर्करोगावरील औषधाच्या किंमतीविषयी केलेला अर्ज मार्च २०२३ मध्ये फेटाळण्यात आला. याच औषधासाठी विद्यापीठाने भारतात केलेला एकस्वाचा अर्ज २०१६ मध्ये भारतीय एकस्व कार्यालयाने नाकारला होता. त्याच वर्षी विद्यापीठ व इतर हक्कदारांनी आपला स्वामित्वशुल्काचा हक्क १०० कोटी डॉलरांहून अधिक रकमेस विकला. कोरोनाच्या साथीत ऑक्सफर्ड विद्यापीठाने आपल्या लशीचा अनन्य परवाना ॲस्ट्राझेनेका कंपनीस दिला. त्यापूर्वी साथीच्या काळात खुले परवाने देण्याचे धोरण विद्यापीठाने जाहीर केले होते. या लशीचे भारतातील उत्पादन जून २०२० च्या करारान्वये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे आले. सर्वसाधारण अनुभव असा आहे की, परवान्यावर स्वाक्षरी होण्यापूर्वी जी अट घातली जाते तीच टिकते. नंतर मागितलेली सवलत ही केवळ दया ठरते.

भारतातील स्थिती : भारताच्या १९७० च्या एकस्व अधिनियमात नोकराच्या शोधाविषयी स्वतंत्र तरतूद नाही. कलम ६ अन्वये खरा व प्रथम शोधक किंवा त्याच्याकडून हक्क मिळालेली व्यक्ती वा संस्था अर्ज करू शकते. नोकराच्या लेखनाचा प्रथम मालक नियोक्ता असे स्वामित्वहक्क अधिनियम सांगतो. शोधांच्या बाबतीत तसे गृहीतक नसल्यामुळे नेमणुकीचा करार व संस्थेची नियमावली यांस महत्त्व येते. विज्ञान व तंत्रविद्या विभागाने मार्च २००० मध्ये काढलेल्या सूचनांनुसार केंद्रीय अनुदानातून निघालेल्या शोधाची मालकी संस्थेकडे राहते व शोधक आणि इतर व्यक्तींचा वाटा उत्पन्नाच्या एक-तृतीयांशापर्यंत ठेवता येतो.

बाय-डोल अधिनियमाच्या धर्तीवरील एक विधेयक डिसेंबर २००८ मध्ये राज्यसभेत मांडण्यात आले. शोध न कळविणाऱ्या संस्थांवर त्यात दंडाची तरतूद होती, मात्र औषधांची उपलब्धता व परवाने खुले ठेवण्याची हमी यांविषयी ते दुबळे होते. स्थायी समितीच्या अहवालानंतर ते मागे पडले व अखेरीस काढून घेण्यात आले. त्याजागी दुसरा अधिनियम आलेला नाही. विद्यापीठांना एकस्वांकडे वळविण्यासाठी २०२१ मध्ये शैक्षणिक संस्थांचे शुल्क ८० टक्क्यांनी कमी करण्यात आले. अर्जांची संख्या हे मूल्यमापनाचे साधन बनल्यास शुल्क भरण्यापुरतीच एकस्वे निघण्याचा धोका यात आहे.

महाराष्ट्रातील परंपरा काहीशी निराळी होती. मुंबई विद्यापीठाच्या १९३३ मध्ये स्थापन झालेल्या रासायनिक तंत्रविद्या विभागाचे ज्ञान उद्योगांत पोहोचले ते मुख्यतः सल्लामसलत, प्रसिद्ध निबंध व कारखान्यांत गेलेले विद्यार्थी यांच्याद्वारे. विद्यापीठाचे एकस्व परंपरागत ज्ञानावर कसे आक्रमण करू शकते, हेही भारताने अनुभवले आहे : हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यक केंद्रास १९९५ मध्ये दिलेले एकस्व, रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने प्राचीन ग्रंथांचे पुरावे देऊन १९९७ मध्ये रद्द करविले.

एक प्रश्न भारतात विशेष दुर्लक्षित आहे. पीएच.डी.चा विद्यार्थी हा नोकर नसतो. अधिछात्रवृत्ती हे वेतन नव्हे. त्याने शोधात बौद्धिक भर घातली असल्यास तो कायद्याने सहशोधक असतो आणि त्याचे नाव वगळणे हे एकस्वास बाध आणू शकते. शिवाय भारतात प्रबंध ग्रंथालयात खुला ठेवला गेला, की शोधाचे नावीन्य धोक्यात येते. विद्वत्‌सभेपुढे वाचलेल्या निबंधास १२ महिन्यांची जी सवलत कलम ३१ देते, ती प्रबंधास लागू होईलच असे नाही. त्यामुळे प्रबंध अडवून ठेवण्याचा मोह मार्गदर्शकास होतो, आणि विद्यार्थ्याची पदवी व नोकरी मात्र त्या प्रबंधावरच अवलंबून असते. प्रवेशाच्या वेळी सही करून घेतलेल्या छापील पत्रकात त्याने आपला हक्क संस्थेस दिलेला असतो. उत्पन्नातील त्याचा वाटा आणि प्रबंध रोखून धरण्याची कमाल मुदत या दोन गोष्टी त्याच पत्रकात लिहिण्यास कोणत्याही अधिनियमाची वाट पाहावी लागत नाही.